पोपसाठी झेंडा उतरला, मग आमच्या स्वामींसाठी का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या एका गावातले मठाचे स्वामीजी लिंगैक्य झाले म्हणजे वारले, गावातल्या पोरांनी ग्रामसेवकाला सांगितलं की ग्रामपंचायतीवरचा झेंडा तीन दिवस अर्ध्यावर आणा, ग्रामसेवक म्हणाला मला तसा अधिकार नाही, आणि त्यावरनं गावात तणाव झालाय. पोरांचं म्हणणं असं की २०२५ ला पोप वारले तर अख्ख्या देशात झेंडा खाली आला, तिकडं कर्नाटकात स्वामी गेले की तीन-तीन दिवस दुखवटा असतो, मग आमचेच स्वामी काय कमी होते. आणि प्रश्न विचारणाऱ्यानं शेवटी एक ओळ टाकलीय, की मुळात सरकारनं धर्मगुरूंसाठी झेंडा उतरवावा का.

मी महसूल खात्यातनं निवृत्त झालोय, नोकरीचा मोठा काळ सांगली जिल्ह्यातच गेला आणि त्यात बरीच वर्षं राजशिष्टाचाराचं टेबल माझ्याकडं होतं, म्हणजे मंत्र्यांचे दौरे, २६ जानेवारीची परेड, शासकीय इतमामातले अंत्यविधी, आणि दुखवट्याचा संदेश आला की तो सगळ्या तहसील आणि पंचायत समित्यांना कळवणं. त्यामुळं यातलं कागदावरचं आणि कागदाबाहेरचं दोन्ही मी जवळनं बघितलंय.

पहिल्यांदा हे लक्षात घ्या की इथं दोन प्रश्न एकात एक अडकलेत. नियम काय सांगतो हा एक, आणि सरकारनं कसं वागावं हा दुसरा. ग्रामसेवकाशी भांडण पहिल्यावरनं चाललंय पण पोरांच्या मनातला राग दुसऱ्याचा आहे. आणि त्याच्याही खाली खरं दुखणं असं की आमचा माणूस सरकारच्या हिशेबात धरला गेला की नाही. ते दुखणं खरं आहे, त्याला कुणी हसू नये.

नियमाचं आधी उरकतो. २००२ सालची भारतीय ध्वजसंहिता आहे, तिच्यात कुणाच्या निधनानंतर झेंडा कुठं अर्ध्यावर आणायचा हे लिहिलेलं आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान गेले तर सगळ्या देशात. लोकसभेचे अध्यक्ष किंवा सरन्यायाधीश गेले तर दिल्लीत. केंद्रातला कॅबिनेट मंत्री गेला तर दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत. राज्यपाल किंवा मुख्यमंत्री गेले तर त्या राज्यात, आणि राज्यातला कॅबिनेट मंत्री गेला तर त्या राज्याच्या राजधानीत. ही सगळी माणसं पदावर असताना गेली तर, आणि ही सगळी पदं घटनेतली. या यादीत एकही धर्मगुरू नाही, कुठल्याच धर्माचा नाही, शंकराचार्य नाहीत, इमाम नाहीत, बिशप नाहीत, भंते नाहीत. यादीबाहेरच्या माणसासाठी सरकार वेगळा शासकीय दुखवटा जाहीर करू शकतं आणि दुखवटा जाहीर झाला की तेवढे दिवस झेंडा अर्ध्यावर असतो. परदेशातल्या मान्यवरांसाठी प्रत्येक वेळी गृह मंत्रालय वेगळा आदेश काढतं. म्हणजे निर्णय दिल्लीत किंवा मंत्रालयात होतो, तो ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी यांच्या हातात नाही, कलेक्टरच्या पण नाही.

आणि इथं तुमच्या गावाला धोका आहे म्हणून स्पष्ट सांगतो. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाचा १९७१ चा कायदा आहे, त्यात सरकारी सूचना नसताना झेंडा अर्ध्यावर फडकवणं हा झेंड्याचा अवमान धरलाय, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. २०२२ पासून घरावर रात्रंदिवस झेंडा लावायला मोकळीक मिळाली म्हणून घरचा झेंडा आपल्या मर्जीनं खाली आणता येतो असं नाही. तेव्हा तो ग्रामसेवक तुमच्या स्वामींचा द्वेष करतोय असं समजू नका, त्यानं बरोबर केलं, उलट तुमच्यातल्याच एखाद्या पोरानं रात्री दोरी सैल केली असती तर त्याच्या नोकरीच्या फॉर्मवर गुन्हा लागला असता.

आता पोपचं. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला वारले आणि केंद्र सरकारनं तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला, २२ आणि २३ एप्रिल आणि अंत्यविधीचा दिवस म्हणजे २६ एप्रिल. २००५ ला पोप जॉन पॉल दुसरे गेले तेव्हाही दुखवटा होता. पोप धर्मगुरू आहेतच, पण व्हॅटिकन हे स्वतंत्र राष्ट्र आहे आणि पोप त्याचे राष्ट्रप्रमुख असतात, आपले त्यांच्याशी राजनैतिक संबंध आहेत. ब्रिटनची राणी एलिझाबेथ गेली तेव्हा ११ सप्टेंबर २०२२ ला, सौदीचे राजे अब्दुल्ला गेले तेव्हा २०१५ ला, जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे गेले तेव्हा २०२२ ला, एकेक दिवस झेंडा अर्ध्यावर होता. ही देशादेशांमधली रीत आहे. तुमच्या दारात कुणी गेलं तर मी येतो आणि माझ्या दारात कुणी गेलं तर तुम्ही येता, तसं. त्यामुळं पोपचं उदाहरण घेऊन मठाच्या स्वामींसाठी मागणी करणं कागदावर टिकत नाही.

पण हे सांगून मी गप्प बसलो तर ते अर्धं उत्तर होईल. राणीला एक दिवस, राजाला एक दिवस आणि पोपना तीन दिवस, यातले वरचे दोन दिवस राष्ट्रप्रमुख म्हणून नाहीत हे कुणालाही कळतं. ते त्यांच्यामागं जगभर जो समाज आहे त्याच्यासाठी आहेत, आपल्याकडच्या ख्रिस्ती बांधवांसाठी आहेत. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्षांनी २००५ ला आणि २०२५ ला दोन्ही वेळा झेंडे उतरवायला सांगितले आणि तिथंही लोक हाच वाद घालतात, की राज्य आणि धर्म वेगळे असताना हे बसतं का. तेव्हा पोरांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही, फक्त तो ग्रामसेवकाला विचारून उपयोग नाही.

कर्नाटकाचं उदाहरण जास्त जड आहे. जतच्या पूर्व भागातल्या माणसाला विजयपूर म्हणजे विजापूर जवळ आणि मुंबई लांब, तिकडचे मठ, तिकडची प्रवचनं, सोयरीक सगळं तिकडं. तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामीजी २१ जानेवारी २०१९ ला वयाच्या १११ व्या वर्षी गेले तेव्हा कर्नाटक सरकारनं तीन दिवसांचा दुखवटा पाळला. त्याच वर्षी डिसेंबरात उडुपीच्या पेजावर मठाचे विश्वेशतीर्थ स्वामीजी गेले, तेव्हाही तीन दिवस. आंध्रात २०११ ला सत्य साईबाबा गेले तेव्हा तिथल्या सरकारनं दुखवटा जाहीर केला. आचार्य विद्यासागर महाराजांनी १८ फेब्रुवारी २०२४ ला छत्तीसगडमधल्या डोंगरगडला सल्लेखना घेऊन, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून, देह ठेवला तर छत्तीसगड आणि मध्य प्रदेश सरकारनं अर्ध्या दिवसाचा दुखवटा पाळला. महाराजांचा जन्म सदलग्याचा, आपल्या सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्याला लागूनच, इथल्या जैन समाजात घराघरात त्यांचा फोटो आहे. म्हणजे राज्यं हे करतात. आणि कुणाला तीन दिवस, कुणाला अर्धा दिवस, कुणाला काहीच नाही, याचं लेखी मोजमाप कुठंही नाही. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ इथं आहे.

टेबलावर बसलेल्या माणसाला हे कसं भोगावं लागतं सांगतो. संदेश आला, पूर्वी बिनतारीवरनं यायचा, मग फॅक्स, आता मेल आणि व्हॉट्सअॅप, की आपण तो खाली कळवतो. तासाभरात फोन सुरू होतात. आमच्या महाराजांच्या वेळी असा आदेश आला होता का हो साहेब? त्यांच्या वेळी आला मग यांच्या वेळी का नाही? फोन करणारा भांडायला आलेला नसतो, बऱ्याच वेळा तो म्हातारा माणूस असतो, आवाज भरलेला असतो, आणि त्याला द्यायला आपल्याकडं उत्तरच नसतं, कारण कारण लिहिलेलंच नसतं. मंत्री गेले तर मी नियम दाखवू शकतो, मुंबईत झेंडा उतरला आणि सांगलीत का नाही हे समजावून सांगू शकतो आणि लोक ऐकून घेतात. धर्मगुरूच्या बाबतीत दाखवायला कागद नसतो, मग माणूस स्वतःच हिशोब लावतो, की यांची मतं जास्त म्हणून यांना मिळालं आणि आमची कमी म्हणून आम्हाला नाही. तो हिशोब खरा असो वा खोटा, एकदा लावला की तो मनातनं जात नाही.

सांगली जिल्हाच घ्या. लिंगायत मठ आहेत, दिगंबर जैन मुनींचे चातुर्मास होतात, वारकऱ्यांच्या दिंड्या आहेत, मिरजेचा दर्गा आहे, मिरजेतच मिशनची शंभर वर्षांपेक्षा जुनी परंपरा आहे, गावोगाव बुद्धविहार आहेत, दत्तसंप्रदाय आहे, आणि देवच न मानणारे सत्यशोधकी घरातले लोकपण आहेत. २०१९ च्या महापुरात या सगळ्यांनी एकमेकांना जेवू घातलंय. यातल्या प्रत्येकाचा एक मोठा माणूस कधी ना कधी जाणार. दर वेळी सरकारनं तराजू काढायचा का? एकासाठी झेंडा उतरवून जेवढा मान मिळतो त्याच्यापेक्षा दुसऱ्यासाठी न उतरवल्यानं झालेला अपमान मोठा असतो, हे मी अनुभवावरनं सांगतोय.

म्हणून माझं मत असं, की फक्त धर्मगुरू आहेत, अनुयायी लाखोंनी आहेत, एवढ्या कारणानं सरकारनं राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणू नये. राष्ट्रप्रमुख म्हणून पोप, ते ठीक, पण मग बाकीच्या राष्ट्रप्रमुखांएवढंच, एक दिवस. झेंडा सगळ्यांचा आहे, त्यात जो त्या गुरूला मानत नाही तोही आला, आणि जो त्याच्या विरोधात आहे तोही आला. श्रद्धा अनुयायांची असते आणि ती दाखवायला त्यांच्याकडं स्वतःचा भगवा आहे, पंचरंगी आहे, हिरवा आहे, निळा आहे, पताका आहेत, ते झेंडे हवे तेवढे खाली आणा, तिथं कुणाची परवानगी लागत नाही.

अजून एक गोष्ट आहे जी मंत्रालयात बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच परंपरांत गुरूचं जाणं हा शोकच नाही. सज्जनगडावर दासनवमी म्हणजे समर्थांनी देह ठेवला तो दिवस, तिथं उत्सव असतो. आळंदीला माउलींचा समाधी सोहळा असतो. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत संगीत सभा होते, मोठमोठे गवई तिथं हजेरी लावून जातात. जैनांमध्ये समाधीमरण हा साधनेचा कळस मानतात. आणि तुमच्या लिंगायत परंपरेत तर स्वामी लिंगात एक झाले असंच म्हणतात ना, मेले असं कुणी म्हणतं का? मग सरकार तिथं येऊन दुखवटा, करमणुकीचे कार्यक्रम रद्द, झेंडा अर्ध्यावर, हे सगळं एखाद्या मंत्र्याच्या निधनासारखं लावतं तेव्हा मान देतंय असं वाटतं पण त्या परंपरेच्या आतलं त्यात काही नसतं.

विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामीजी तुमच्या भागात सगळ्यांना माहीत आहेत, कन्नडमधनं बोलायचे तसं मराठीतनंही प्रवचन करायचे. त्यांना २०१८ ला पद्मश्री जाहीर झाली तर त्यांनी ती नम्रपणे नाकारली. माझी समाधी बांधू नका, स्मारक करू नका, देहाला अग्नी द्या असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. २ जानेवारी २०२३ ला ते गेले, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, लाखो लोक आले. त्या माणसाची उंची झेंडा किती खाली आला यावरनं कुणी मोजली का? तुमच्या स्वामींच्या बाबतीतही हे एकदा मनाशी विचारून बघा, की त्यांना स्वतःला ही मागणी आवडली असती का.

आता जिथं माझं मत परिस्थितीप्रमाणं बदलतं ते पण सांगायला पाहिजे. मदर तेरेसा १९९७ ला गेल्या तेव्हा देशानं त्यांना शासकीय अंत्यविधी दिला. त्या नन होत्या, पण मान मिळाला तो रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसांना उचलल्याबद्दल, आणि १९८० लाच त्यांना भारतरत्न मिळालेलं होतं. सिद्धगंगेच्या स्वामींनी हजारो पोरांना फुकट ठेवून घेतलं, जेवण दिलं, शिकवलं, जात न बघता. अशा माणसाच्या जाण्यानं त्यांचा अनुयायी नसलेल्या माणसाचंपण काहीतरी जातं. लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या, दोन दिवस देशभर झेंडा अर्ध्यावर होता, त्यांचं लहानपण सांगलीतलं म्हणून इथं हळहळ जास्त होती पण एका माणसानंही मला विचारलं नाही की यांच्यासाठी का. मी हीच कसोटी धरतो, की ज्याचा त्या पंथाशी काही संबंध नाही त्यालाही आपलं कुणी गेलं असं वाटतं का.

कुणी म्हणेल की प्रत्येक महाराजाची एखादी शाळा असतेच, मग कामाची कसोटी लावली तरी सगळेच त्यात बसतील. बरोबर आहे, म्हणूनच ही कसोटी माणूस गेल्यावर त्या रात्री लावायची नसते. रात्री अकरा वाजता दोन आमदारांचे फोन, बाहेर पन्नास हजार लोक, अशा वेळी कुठलाही मुख्यमंत्री हो म्हणणार, त्याच्या जागी कुणीही असता तरी हो म्हणाला असता. ती आधी लिहून ठेवायला पाहिजे. माझ्या हातात असतं तर मी एवढंच लिहिलं असतं की आपल्या देशातल्या माणसासाठी घटनात्मक पद किंवा भारतरत्न असेल तरच झेंडा, एरवी कितीही मोठा माणूस असला तरी झेंडा नाही. मग सिद्धगंगेच्या स्वामींसारखा माणूसही कदाचित बाहेर राहील, मला त्याचं वाईट वाटेल, पण ज्याला मिळालं नाही त्याला मी नियम तरी दाखवू शकेन.

आणि झेंडा एका वेळी एकच गोष्ट सांगू शकतो. २२ एप्रिल २०२५ ला पोपच्या दुखवट्याचा पहिला दिवस होता आणि त्याच दुपारी पहलगामला २६ लोक मारले गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना वाटत होतं की कचेरीवरचा झेंडा पहलगामसाठी खाली आलाय. जितक्या वेळा आपण तो उतरवू तितकं लोक मान वर करून बघायचं कमी करतील.

शासकीय इतमामात अंत्यसंस्कार ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि लोक दोन्हीत कायम गल्लत करतात. पोलिसांची मानवंदना, बंदुकीच्या फैरी, हे राज्य सरकार ठरवतं आणि ते त्या जागेपुरतं, त्या तासापुरतं असतं. त्यासाठी राज्यभर झेंडा खाली येत नाही. धर्मगुरूंना मान द्यायचाच असेल तर मला हा मार्ग बरा वाटतो, कारण तिथं जमलेले सगळे मनानं आलेले असतात, न मानणाऱ्यावर काही लादलं जात नाही. फक्त तिथंही राष्ट्रध्वज पार्थिवावर ठेवला तर केशरी पट्टा डोक्याकडं, आणि अग्नी द्यायच्या किंवा समाधीत ठेवायच्या आधी तो काढून घ्यायचा, झेंडा जळायला किंवा मातीत जायला नको.

पुढं कधी खरंच आदेश आला तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. झेंडा थेट अर्ध्यावर बांधायचा नसतो, आधी टोकापर्यंत न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर आणायचा, आणि संध्याकाळी उतरवताना परत टोकापर्यंत नेऊन मग खाली घ्यायचा. काळी फीत मनानं बांधायची नाही. दुखवट्याचा आदेश जिथं झेंडा रोज लावला जातो अशा इमारतींसाठी असतो, एरवी फक्त १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मेला लावणाऱ्या शाळेनं मुद्दाम झेंडा काढून अर्ध्यावर चढवायची गरज नाही, हे दर वेळी सांगूनही कुठंतरी होतंच. आणि दुखवटा नेमका १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गांधी जयंती किंवा १ मेला आला तर झेंडा पूर्णच फडकतो, फक्त जिथं पार्थिव ठेवलंय त्या इमारतीवर पार्थिव हलेपर्यंत अर्ध्यावर राहतो.

तुमच्या गावासाठी माझं सांगणं एवढंच. झेंड्याची मागणी सोडा, ग्रामसेवकाशी बोलून मिटवून टाका, तो बिचारा दोन्हीकडनं मार खातोय. स्वामींनी गावासाठी जे केलं ते, म्हणजे दुष्काळात दासोह, म्हणजे अन्नदान, चालवला असेल, पोरांना मठात ठेवून शिकवलं असेल, भांडणं मिटवली असतील, ते सविस्तर लिहून ग्रामसभेत शोकप्रस्ताव मांडा, मुस्लिम आणि दलित वस्तीतल्या ज्या लोकांना त्यांचा आधार होता त्यांनाही बोलायला लावा आणि त्यांची नावं इतिवृत्तात येऊ द्या. मठाच्या शाळेतल्या पोरांची काही अडचण असेल तर त्याच सभेत ती पण घ्या. यासाठी तहसीलदाराची, कलेक्टरची, कुणाचीच मंजुरी लागत नाही.